उपाशी पोटाचे वाटप

मालवणात मासळीच्या लिलावात बोली पुकारणारे गनीभाई यांच्या यकृतात हिपॅटायटिस बी या विषाणूचा कायम मुक्काम आहे. तो कधी आला, हे त्याने कोणालाही कळवले नव्हते. एका रक्तदान शिबिरात गनीभाईंचे रक्त आभारासह नाकारण्यात आले, तेव्हा बातमी फुटली. सिंधुदुर्गनगरीच्या डॉ. चारुता यांनी तपासण्या केल्या आणि एक गोळी सुरू केली. रोज पहाटे, उपाशी पोटी, मागेपुढे दोन तास काही खायचे नाही आणि आपल्या मनाने ती कधीच बंद करायची नाही. गोळीने विषाणू जाणार नाही, पण झोपून राहील. गनीभाईंनी गोळी घेतली. विषाणू झोपला. गनीभाई बोली पुकारत राहिले.

गोष्ट इथे संपते.

ती संपू दिली गेली नाही, याची कारणे दोन. गोळी मसुरीच्या दाण्याएवढी होती आणि ती फुकट मिळत होती.

"येवढ्याशा गोळयेन लिव्हराक काय होतला?" गनीभाईंची बायको जन्नतबी यांनी एका लग्नात जेवताना हा प्रश्न विचारला. पंगतीत तो शेवटपर्यंत गेला. त्यानंतर माणसे भेटायला येऊ लागली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला कोणी रिकाम्या हाताने जात नाही. पूर्वी शहाळी न्यायचे, केळी न्यायचे. आता लिव्हरच्या औषधाचा डबा नेतात. त्यावर हिरवे पान, पानाच्या आत लाल लिव्हर आणि लिव्हरच्या चेहऱ्यावर हसू.

शेजारच्या सरलाताईंनी आपल्या कुंपणावरच्या गुळवेलीचा काढा आणला. कुवेतला असलेल्या रमीझने, म्हणजे गनीभाईंच्या मुलाने, बापासाठी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल पाठवल्या. जन्नतबींचा भाऊ मुझफ्फर बांद्याहून एक पावडर घेऊन आला. (पावडरीचे नाव इथे गाळले आहे. कारण शेवटी.) तारकर्लीला पर्यटकांसाठी खोल्या चालवणाऱ्या जितेंद्रने एक बाटली दिली. ती कोणी परदेशी पाहुणा खोलीत विसरून गेला होता. तिच्यावरचा मजकूर कोणालाच वाचता येत नव्हता, त्यामुळे तिच्याविषयी कोणाचीच तक्रार नव्हती.

"त्येच्यावर हिरव्या चायचा चित्र आसा," जितेंद्र म्हणाला. "फॉरेनचा आसा म्हणजे चांगलाच आसतला."

वापरण्याची पद्धत: उपाशी पोटी. काढा उपाशी पोटी, कॅप्सूल उपाशी पोटी, पावडर उपाशी पोटी. फॉरेनच्या बाटलीबद्दल माहिती नव्हती, म्हणून सुरक्षितता म्हणून तीही उपाशी पोटी. शिवाय एकात दुसरे मिसळायचे नाही. मध्ये अंतर हवे.

अर्जदार भरपूर आणि पोट एक. असा पेच ज्यांनी आयुष्यभर सोडवला, ते सरलाताईंचे यजमान भाई शेजारीच राहत होते. ते एका कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून त्यांच्याकडे कोणी काही मागायला आले नव्हते. गनीभाईंच्या पडवीत त्यांनी बैठक घेतली. एरवी मालवणीत बोलणारे भाई खुर्चीत बसताच शुद्ध झाले.

"उपाशी पोट ही मर्यादित साधनसंपत्ती आहे," ते म्हणाले. "तिचे न्याय्य वाटप व्हायला हवे. निकष एकच. न घेतल्यास विचारणारा कोण?"

निकष बिनतोड होता. सरलाताई रोज सकाळी मधल्या दगडी गडग्यावरून डोकावत आणि कप रिकामा झालेला पाहूनच आत जात. रमीझ ड्युटीवर जाण्यापूर्वी फोन करी. मुझफ्फर व्हिडिओ कॉल करून मेहुण्याला तोंड उघडायला लावी. जितेंद्र मासे घ्यायला यायचा. गोळीबद्दल विचारायला मात्र कोणी नव्हते. डॉक्टरीणबाई विचारत, पण सहा महिन्यांनी एकदा.

"मगे गोळी कधी घेवची?" गनीभाईंनी विचारले.

"गोळी सरकारी आसा," भाई खुर्चीतून उठत, म्हणून पुन्हा मालवणीत, म्हणाले. "ती थांबतली. सरकारी वस्तूक थांबूची सवय आसता."

"अरे पण डॉक्टरनी सांगल्यानी, बंद करू नको म्हणान!"

"बंद कोण करता मेल्या? प्रलंबित ठेवली."

जन्नतबींनी गोळ्यांचे पाकीट कपाटात, त्यांच्या लग्नातल्या अत्तरदाणीमागे, जपून ठेवले.

पुढचे सगळे नियमाप्रमाणे झाले. पहाट अपुरी पडू लागली, तेव्हा भाईंनी उपाशी पोटाला दुपारपर्यंत मुदतवाढ दिली. गनीभाई न्याहारी न करता लिलावाला जाऊ लागले. बोली पुकारताना त्यांना धाप लागे. एक दिवस सुरमईच्या टोपलीवर भाव चढत असताना ते मध्येच खाली बसले आणि टोपली बांगड्याच्या भावात गेली. मुझफ्फरने फोनवर समजावले, "भावजी, अशक्तपणा इलो म्हणजे पावडर कामाक लागली. विष भायर पडता. डोस डबल करा."

डबल डोसाचा भार लिव्हरवर पडू नये म्हणून लिव्हरच्या रक्षणाची आणखी एक पावडर त्याने पाठवली. तीही उपाशी पोटी.

मग गनीभाईंचे डोळे पिवळे झाले.

जन्नतबी घाबरल्या. त्यांनी रमीझला फोनवर डोळे दाखवले. रमीझला आनंद झाला. "अम्मा, हळद अंगाक लागली!" सरलाताईंच्या मते तो काढ्याचा गुण होता. दोन्ही बाजूंनी श्रेयावर दावे आले. भाईंनी निम्मे-निम्मे श्रेय देऊन प्रकरण मिटवले. गनीभाईंना मात्र भाताचा वाससुद्धा सहन होईना. ज्या माणसाने चाळीस वर्षे मासळीच्या वासात काढली, तो कालवणाकडे पाठ करून बसला. तेव्हा जन्नतबींनी कोणालाही न विचारता रिक्षा बोलावली.

"माणूस जातलो माझो," त्या भाईंना म्हणाल्या. "येतास तर येवा, नायतर तुमचा वाटप करीत बसा."

भाई गेले. डबेही पिशवीत बरोबर नेले.

डॉ. चारुतांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, डोळे पाहिले, पोट दाबून पाहिले.

"गोळी चालू आहे ना?"

"चालू आहे," भाई म्हणाले.

"रोज घेतात?"

"घेत नाहीत. कार्यवाही चालू आहे."

बाईंनी पिशवी टेबलावर उपडी केली. डबे ओळीने हसत उभे राहिले.

"गनीभाई, गोळीमुळे झोपलेला विषाणू गोळी थांबल्यावर उठलाय. आणि तो उठलेला असताना त्याच लिव्हरला तुम्ही हे सगळं चाळायला बसवलंत. यातला एकही डबा विषाणूला हात लावत नाही. उलट गुळवेल, हळदीचा अर्क, ग्रीन टीचा अर्क यांनी काही जणांच्या लिव्हरला इजा झालेली आहे. त्या पावडरीत काय आहे, ते तर बनवणाऱ्यालाच ठाऊक. आज भरती व्हा. वेळेवर आलात. आणखी थांबला असतात तर मला हे सांगायची गरज उरली नसती."

भाईंनी डबे एकेक करून पुन्हा पिशवीत भरायला घेतले.

"पण लिव्हरला ताकद यायला काहीतरी लागेल ना?" भाईंनी हळूच विचारले.

"लागेल. गोळी."

"तिच्याशिवाय?"

"तिच्याशिवाय काय होतं, ते समोर झोपलंय."

जन्नतबी तिथेच खाली बसल्या आणि रडल्या. मग उठून त्यांनी नवऱ्याच्या हातावर गोळी ठेवली आणि त्याने ती गिळेपर्यंत त्याच्या गळ्याकडे बघत राहिल्या. विचारणारे माणूस गोळीला पहिल्यांदाच मिळाले होते.

विषाणू पुन्हा झोपला. बरेच आठवडे लागले, पण डोळे पांढरे झाले, बांगड्याचे कालवण पुन्हा गोड लागू लागले आणि लिलावात सुरमई सुरमईच्या भावात जाऊ लागली.

प्रश्न राहिला डब्यांचा. भेट आलेली वस्तू टाकायची नसते. जन्नतबींनी ते पुसून, झाकणे घट्ट करून, अत्तरदाणीमागे ठेवले. पावसाळा सरता सरता भाईंच्या सोनोग्राफीत लिव्हरवर थोडी चरबी दिसली. डॉक्टरांनी त्यांना चालायला आणि कमी जेवायला सांगितले. ते ऐकून भाई इतके निराश झाले की अंथरुणाला खिळले. शेजारधर्म म्हणून गनीभाई आणि जन्नतबी भेटायला गेले. रिकाम्या हाताने कसे जाणार?

"माका सोसला नाय, तुमका मानवात," गनीभाई पिशवी पुढे करत मनापासून म्हणाले.

भाईंनी मुझफ्फरची पावडर उचलली, चष्मा लावून डबा फिरवून पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी जीव आला.

"अनशापोटी घेवची काय रे?"

वाचकांसाठी सूचना: पावडरीचे नाव गाळण्याचे कारण शेवटी देऊ, असे वर म्हटले होते. कारण असे की, गनीभाईंचे डोळे पिवळे झाल्याचे वाचूनही आपल्यापैकी बरेच जण ते नाव शोधतच इथवर आले आहेत. भाईंना सगळे डबे लागणार नाहीत. उरलेले फिरत आहेत. पुढच्या वेळी आपण आजारी पडाल, तेव्हा कोणीतरी प्रेमाने भेटायला येईल. झाकणाचे सील आधीच फुटलेले दिसले, तर ओळख पटेल.

आपण ते घ्यालच. आणून देणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून.