न दिसणारी डिस्क आणि हरवलेली स्थळं

“सर्व्हिस सेंटर कशाला? चार स्क्रूंचं तर काम आहे!”

शनिवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवत धर्मराजांनी हे जाहीर केलं, तेव्हाच खरं तर सुनेत्राबाईंनी लॅपटॉप छातीशी धरून माहेर गाठायला हवं होतं. पण त्या कांदा चिरत होत्या. तिथेच घात झाला.

धर्मराज अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते. बॉयलरपासून कँटीनच्या वजनकाट्यापर्यंत काहीही आपण उघडू शकतो, असं ते अभिमानाने सांगत. उघडलेलं पुन्हा बंद कोण करायचं, हे कारखान्यात विचारावं लागे.

आणि हा लॅपटॉप काही साधासुधा नव्हता. सुनेत्राबाई चिखलोलीच्या त्यांच्या फ्लॅटमधून वधूवर सूचक मंडळ चालवायच्या. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंतची यच्चयावत लग्नाळू मंडळी, त्यांचे फोटो, पत्रिका, मामेकुळं, अपेक्षा, सगळं त्या लॅपटॉपात होतं. रविवारी बदलापूरच्या हॉलवर मंडळाचा पहिलावहिला मेळावा होता आणि स्थळं मोठ्या पडद्यावर दाखवायची होती. नेमका ह्याच महिन्यात लॅपटॉप अडकायला लागला. एखाद्या मुलाचा फोटो उघडावा, चहा टाकावा, गाळावा, प्यावा, तोवर मुलगा कपाळापर्यंत आलेला असायचा! वरच्या मजल्यावरच्या विक्रांतने निदान केलं होतं, “काकू, डिस्क थकलीये. नवी टाका, पळेल.” विक्रांत सॉफ्टवेअर कंपनीत होता, त्यामुळे अख्ख्या सोसायटीचे फोन, टीव्ही आणि गीझर त्याच्याच माथी होते.

नवी डिस्क धर्मराजांनी आदल्याच दिवशी उल्हासनगरच्या बाजारात वासूभाईंच्या दुकानातून आणली होती.

त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, चष्मा चढवला, डिस्क बसवली, स्क्रू पिळले आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. डिस्क सापडली नाही म्हणे.

“सापडली नाही? मी आत्ता स्वतः घातलीये!” धर्मराज लॅपटॉपवरच ओरडले.

“अहो, हा स्क्रू कुठला?” सुनेत्राबाईंनी वर्तमानपत्रावरून एक स्क्रू उचलला.

“तो जास्तीचा आहे. कंपनीवाले देतात.”

“एवढे दानशूर कधीपासून झाले कंपनीवाले?”

धर्मराजांनी सगळं पुन्हा उघडलं, डिस्क काढली, फुंकर मारली, घातली. सापडली नाही! परत काढली, उलटी धरून झटकली, घातली. नाही! ह्या वेळी स्क्रू मात्र दोन उरले.

“उद्या मेळावा आहे,” सुनेत्राबाईंचा आवाज चढला. “पडद्यावर स्थळं दिसली नाहीत ना, तर लोक मला स्टेजवरून खाली उतरवतील! अहो, विक्रांतला बोलवा.”

“त्याला कशाला? हा माल डुप्लिकेट आहे!” धर्मराजांनी थेट वासूभाईंना फोन लावला. स्पीकरवर. म्हणजे सोसायटीलाही ऐकू जावं. “वासूभाई, डब्बा दिया तुमने! डिस्क दिसताच नही!”

“अरे साहब, आपके सामने चलाके दिखाया था ना?”

“दुकान में चलती है, घर में नही चलती. ये कैसी डिस्क?”

“ठीक से दबाके लगाओ, साहब.”

धर्मराजांनी अशी काही दाबली, की लॅपटॉपने कुईं केलं. सुनेत्राबाईंनी डोळे मिटून घेतले आणि स्वतःच वर जाऊन विक्रांतला घेऊन आल्या. बिचारा सुटीच्या दिवशी दाढी करत होता. एका गालाला फेस तसाच ठेवून आला.

त्याने लॅपटॉप हातात घेतला आणि कुठल्या कुठल्या निळ्या पडद्यांवर शिरला. “बायोसमध्येच दिसत नाहीये. म्हणजे लॅपटॉपला मुळात डिस्कच कळत नाहीये,” तो म्हणाला.

“बघ! मी म्हटलंच होतं!” धर्मराज म्हणाले. ‘बायोस’ हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला होता.

विक्रांतने सेटिंग बदलून पाहिली. बॅटरी काढून पाहिली. फोनवर कुणा मित्राला विचारलं, मित्राने त्याच्या मित्राला विचारलं. गालावरचा फेस वाळून पापुद्रे पडायला लागले. “पोर्ट गेला असेल,” तो म्हणाला. मग म्हणाला, “मदरबोर्ड गेला असेल.” ‘मदरबोर्ड’ ऐकताच सुनेत्राबाई खुर्चीतच बसल्या. हॉल ठरलेला, नाश्त्याला उपमा सांगितलेला, मुलांच्या आया सकाळपासून साड्यांच्या रंगांबद्दल विचारत होत्या आणि इथे बोर्डच गेला म्हणतात!

“आता शेवटचं,” विक्रांत वैतागून म्हणाला. त्याने डिस्क काढली, खिडकीपाशी नेली आणि उजेडात धरली. मग तिच्या कडेला नख लावलं. नखाबरोबर काहीतरी सर्रकन वर आलं. पातळ, पारदर्शक आणि ताणून ताणून घट्ट बसवलेलं.

“काका, हे काय आहे?”

“कव्हर,” धर्मराज शांतपणे म्हणाले.

“कव्हर?”

“मीच घातलं. नव्या वस्तूला धूळ लागू नये म्हणून. चारी बाजूंनी बांधकामं चाललीयेत आपल्याकडे, बघतोस ना!”

विक्रांतने हॉलभर नजर फिरवली. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकमध्ये होता. फ्रिजचं हँडल प्लॅस्टिकमध्ये होतं. सोफ्याचं कापड कोणत्या रंगाचं आहे हे आजवर घरातल्यांनाही ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघरात डबे झाकायचा जो पातळ चिकट रोल असतो, त्याचे तीन वेढे देऊन धर्मराजांनी डिस्कही हवाबंद केली होती. करंट जायला जागाच नव्हती!

“सकाळपासून,” सुनेत्राबाई एकेक शब्द चावत म्हणाल्या, “सकाळपासून तुम्ही त्या वासूभाईला शिव्या घालताय!”

“पॅकिंगवर लिहायला नको का त्यांनी? कव्हर घालू नये म्हणून?”

विक्रांतने प्लॅस्टिक सोलून काढलं, डिस्क घातली, बटण दाबलं. दिसली! धर्मराजांनी टाळी वाजवली. विक्रांतने वरून पेनड्राइव्ह आणला, विंडोज टाकलं, उरलेल्या गालाची दाढी करून परत आला, तोवर पडद्यावर छान निळं चित्र आलं होतं.

“चला,” सुनेत्राबाई पदर खोचून पुढे आल्या. “माझी स्थळं उघड.”

पडदा स्वच्छ होता. एक कचऱ्याची टोपली सोडली तर त्यावर काहीही नव्हतं.

“येतील,” धर्मराज म्हणाले. “जरा गरम होऊ दे.”

“काका, कुठून येतील?” विक्रांतने विचारलं. “सगळं डिस्कमध्येच असतं. ही नवी आहे, म्हणजे रिकामी. जुनी द्या, अडकत अडकत का होईना, त्यातून काढून घेतो.”

धर्मराज एकदम खिडकीबाहेरचं बांधकाम निरखायला लागले.

“अहो. जुनी कुठाय?”

“ती... दिली.”

“कुणाला?”

“वासूभाईंना. कालच काढून नेली होती, एक्स्चेंजमध्ये.” आणि मग थोड्या तोऱ्यात, “उल्हासनगरला जुनं दिल्याशिवाय नवं घेतं का कुणी? मिक्सर दिला, कुकर दिला, तेव्हा चाललं! भाव चांगला पाडून घेतला मी!”

सुनेत्राबाई ओरडल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. दारोदार हिंडून, आयांच्या मिनतवाऱ्या करून जमवलेली पोरं होती ती. ते पाणी पाहून धर्मराजांचा पहिल्यांदाच कान धरायला हात वर गेला आणि तेवढ्यात फोन वाजला. वासूभाई! धर्मराजांनी सवयीने तो स्पीकरवरच घेतला.

“साहब, पहले गाली मत देना. भाभीजी हैं क्या?”

सुनेत्राबाईंनी फोन हिसकावला. “डिस्क पुसली तो नही ना तुमने?”

“नहीं भाभीजी! पोंछने के लिए ही लगाई थी, पर मेरी मिसेस सुबह से छोड़ती ही नहीं. एक एक फोटो देख रही है. वो आर्किटेक्ट लड़की है ना, अंबरनाथवाली, हमारे भांजे के लिए...”

सुनेत्राबाईंनी पदराने डोळे टिपले. आवाज असा बदलला, की विक्रांत चाट पडला. “नोंदणी के बिना मैं स्थळ नही दिखाती, वासूभाई. कल सुबह बदलापूर आओ. मिसेस को लाओ, भांजे को लाओ. और डिस्क पहले लाओ!”

“लाता हूँ, भाभीजी. पर वो एक्स्चेंज में आई थी. उसके बदले कोई दूसरा पुराना माल तो देना पड़ेगा.”

सुनेत्राबाईंनी नवऱ्याकडे एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“है ना! हमारे साहब को ले जाओ.”

पलीकडून वासूभाई फार अदबीने म्हणाले, “भाभीजी, बिगड़ा हुआ माल हम ले लेते हैं. पर जो खुद को मेकॅनिक समझता है, उसे बाजार में कोई नहीं उठाता.”

फोन अजून स्पीकरवरच होता. खालच्या मजल्यावर कुणीतरी टाळी वाजवली, आणि धर्मराज उरलेले दोन स्क्रू वेचायला टेबलाखाली शिरले.