शतकर्णाची चुगली

दोनशे चौदावा अंक छापून घरी आला, तेव्हा लेखक स्वतःवर फार खूश होता. अकरा वर्षं तो 'शतकर्ण' ही मुलांची चित्रकथा लिहीत होता. शतकर्ण म्हणजे शहरातल्या घड्याळाच्या मनोऱ्यावर राहणारा वीर. त्याला शंभर कोसांवरची हाक ऐकू यायची. बुडणाऱ्याची हाक आली की तो नदीत उडी घ्यायचा, जळणाऱ्याची आली की आगीत. पण अकरा वर्षांत लेखकाजवळच्या हाका संपत आल्या होत्या. बुडायचे ते बुडून झाले होते, जळायचे ते जळून झाले होते, आणि दोन खलनायक तर सुधारून मनोऱ्याच्या खालच्या मजल्यावर राहायला आले होते. म्हणून या वेळी शतकर्णाला हाक ऐकू आली नाही, कुजबुज ऐकू आली.

एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती, की नापास झालेला इतिहासाचा पेपर तिनं स्वयंपाकघरातल्या फडताळात, डब्यांखाली अंथरलेल्या कागदाच्या खाली लपवला आहे. शतकर्ण मनोऱ्यावरून झेपावला, खिडकीतून आत शिरला आणि पेपर काढून त्यानं तिच्या आईच्या हातात दिला. शेवटच्या चौकटीत आईनं हात जोडले होते. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'शतकर्णापासून काही लपत नाही.'

नवा अंक घरात सगळ्यात आधी चिऊ वाचायची. चिऊ म्हणजे लेखकाची मुलगी, सहावीतली. तिनं शेवटचं पान वाचलं, मग पुन्हा तिसरं पान काढलं.

"बाबा, हा माझा पेपर आहे."

"छे. तुझा भूगोलाचा होता. हा इतिहासाचा आहे."

"फडताळ तेच आहे."

लेखकानं अंक हातात घेतला. त्यानं विषय बदलला होता, मार्क बदलले होते, मुलीला दोन वेण्यांऐवजी बॉबकट दिला होता. फडताळ बदलायचं राहून गेलं होतं. चिऊला भूगोलात चाळीसपैकी अकरा मिळाले होते, कारण तिनं सगळ्या नद्या समुद्रातून निघून डोंगरावर चढवल्या होत्या. तिनं हे फक्त बाबाला सांगितलं होतं. बाबानं हसत हसत पेपरवर सही केली होती आणि आईला सांगणार नाही असं कबूल केलं होतं.

"आई कुठे वाचते माझं?" लेखक म्हणाला. "अकरा वर्षांत एक अंक उघडलेला नाही तिनं."

हे खरं होतं. पण त्याच दुपारी शेजारीण येऊन बायकोला सांगून गेली, की यजमानांनी या खेपेला काहीतरी उपयोगाचं लिहिलंय. बायकोला नवल वाटलं. तिनं चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अंक वाचला. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली. आतून डबे खाली ठेवल्याचे आवाज येऊ लागले, एकामागून एक, अजिबात घाई नसलेले.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पेपर होता.

"या नद्या चिऊच्या, ते कळलं," ती म्हणाली. "सही कुणाची?"

"माझी."

"कधीची?"

"सोळा दिवस झाले."

"मला सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं का पोरीला?"

"हो," चिऊ आणि लेखक एकदमच म्हणाले.

चिऊला दहा मिनिटं बोलणी बसली. उरलेला आठवडा लेखकाच्या वाट्याला आला. चिऊनं त्याच्याशी बोलणं टाकलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. पण ती बोलत होती. 'मीठ दे' म्हणत होती, 'पंखा लाव' म्हणत होती. तिनं फक्त सांगणं बंद केलं होतं. आधी ती शाळेतून आली की दप्तर खांद्यावर असतानाच सुरू व्हायची. आता तो खोलीत शिरला की फोनवर मैत्रिणीला म्हणायची, "नंतर बोलू, बाबा आलाय."

ऑफिसात संपादकबाईंच्या टेबलावर पत्रांचे तीन गठ्ठे होते. बाईंनी एकेक पत्र वाचून दाखवलं. 'शतकर्णा, आमच्या घरी येऊ नकोस.' 'तू आयांच्या बाजूचा आहेस हे आधी सांगायचं होतंस.' एका मुलानं वाढदिवसाला मिळालेले शतकर्णाचे पुठ्ठ्याचे कान परत पाठवले होते, आणि पाकिटात ते नीट बसावेत म्हणून मधून दुमडले होते. एका शाळेतल्या अख्ख्या वर्गानं कळवलं होतं, की आता ते महत्त्वाचं सगळं खाणाखुणांनी बोलतात.

"आणि हे," बाई म्हणाल्या, "एका मुख्याध्यापकांचं."

"काय म्हणतात?"

"तुमचं अभिनंदन केलंय."

लेखक खुर्चीत बसला.

"घाबरू नका," तो म्हणाला. "पुढच्या अंकात मी त्याच्याकडून असं काही करून घेतो, की पोरं सगळं विसरतील."

दोनशे पंधराव्या अंकात धरण फुटलं. शतकर्णानं ते पाठीनं अडवून धरलं, शहर वाचवलं, आणि ओल्या कपड्यांनिशी चौकात उभं राहून तो म्हणाला, "माझं काही चुकलं असेल, तर मी दिलगीर आहे."

या वेळी चार गठ्ठे आले. 'असेल कशाला? चुकलंच आहे.' 'पूर ठीक आहे, पण पेपरचं काय?' एका आठ वर्षांच्या वाचकाला तर संशय होता, की धरण शतकर्णानंच फोडलं असणार. चित्रकार वेगळ्याच कारणानं रुसला होता.

"तीनशे लाटा काढल्या मी," तो म्हणाला. "प्रत्येकीला फेस काढला. एका पोरानं लाटेबद्दल चकार शब्द लिहिला नाही."

"एक अंक देते," संपादकबाई लेखकाला म्हणाल्या. "त्यात जमलं तर ठीक. नाहीतर शतकर्ण बंद करू आणि त्या पानांवर शब्दकोडी देऊ."

लेखक घरी आला. चिऊ जेवणाच्या टेबलावर नकाशा रंगवत बसली होती. त्यानं समोरची खुर्ची ओढली.

"चिऊ, शतकर्णानं काय केलं म्हणजे ती मुलगी त्याला परत घरात घेईल?"

"त्याला घरात कशाला यायचंय?"

"असं नाही ग. त्याला ऐकू येतं, त्याला तो तरी काय करणार?"

"ऐकू आलं ते आलं. आत कशाला आला? हाक मारली होती का तिनं?" चिऊनं समुद्राला निळा रंग देताना मान वर केली नाही. "आणि मग धरण कशाला धरायचं? धरणाला कुणी सॉरी म्हणायला सांगितलं होतं? ती तिकडे घरात बसलीय एकटी, आणि हा चौकात भाषण करतोय."

लेखकाचा हात आपोआप खिशाकडे गेला. त्यानं वही काढली, पेन उघडलं. रंगाचा ब्रश थांबला.

"तू लिहितोयस."

लेखकानं पेन मिटून टेबलावर ठेवलं. वही उलटी केली.

"मी तुला विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "तेव्हाही. तुझी गोष्ट होती, मी उचलली. चुकलं माझं."

चिऊनं पुढे 'पण' येतोय का याची वाट पाहिली. तो आला नाही.

"आत्ताचं लिहू का?" त्यानं विचारलं.

"हे लिही," ती विचार करून म्हणाली. "फडताळ नको."

दोनशे सोळाव्या अंकात काहीच घडलं नाही. शतकर्ण दोन्ही कानांत कापूस घालून त्या मुलीच्या बंद दारासमोर उभा राहिला, "मी सांगायला नको होतं," एवढं म्हणाला आणि आठ पानं तसाच उभा होता. चित्रकारानं दोनदा विचारलं, की खरंच आठ पानं एकच दार काढायचं ना, आणि लेखकाचा हात हातात घेऊन दाबला. नवव्या पानावर शतकर्णाच्या मागे चोरांनी बँक फोडली. कापसामुळे त्याला काही कळलं नाही. शेवटी दार किलकिलं करून मुलगीच बाहेर आली, तिनं त्याला खाली वाकायला लावलं, एका कानातला कापूस काढला आणि म्हणाली, "मागे बघ."

"दुसऱ्या कानातला काढू का?" शतकर्णानं विचारलं.

"विचार करून सांगते," मुलगी म्हणाली आणि तिनं दार लावलं. चोर त्यानं एका कानावरच पकडले.

पंधरवड्यानं संपादकबाईंचा फोन आला. पोरांची पत्रं आली होती. दुसऱ्या कानाचं काय करावं यावर त्यांच्यात दोन तट पडले होते, म्हणजे अंक वाचला जात होता. पालकांच्या तक्रारीही होत्या, की मुलं जेवायला बोलावलं तर कानांत कापूस घालून बसतात. मुख्याध्यापकांनी अभिनंदन मागे घेतलं होतं.

घरात बायकोनं तो भूगोलाचा पेपर काढला, लेखकाच्या सहीखाली आपली सही केली आणि चिऊच्या दप्तरात ठेवला. "नदी खाली येते," एवढंच ती म्हणाली.

दोनशे सतराव्या अंकाची कथा दुसऱ्या दिवशी द्यायची होती आणि लेखकाला काडीचंही सुचत नव्हतं. संध्याकाळी पाच वाजता दार उघडलं. चिऊ आत आली आणि दप्तर खांद्यावर असतानाच म्हणाली, "बाबा, आज शाळेत काय झालं माहितीये?"

मग तिनं सांगितलं. सांगताना ती दोनदा खुर्चीवर चढली आणि एकदा हसून जमिनीवर बसली. लेखकानं अकरा वर्षांत इतकी सुरेख गोष्ट ऐकली नव्हती. तिला सुरुवात होती, मध्य होता, आणि शेवट तर असा होता की तो आयुष्यात त्याला सुचला नसता. सोळा पानांत ती अगदी बेतानं बसली असती.

"हे छापायचं नाही," चिऊ म्हणाली.

"नाव बदललं तरी?"

"नाही."

"शाळेऐवजी दवाखाना केला तर?"

चिऊनं फक्त त्याच्याकडे बघितलं. तेवढ्यात फोन वाजला. संपादकबाई होत्या.

"सुचलं का काही?"

लेखकानं चिऊकडे पाहिलं. ती दप्तराचा पट्टा हातात धरून उभी होती.

"नाही बाई," तो म्हणाला. "डोकं अगदी रिकामं आहे."

ती गोष्ट चित्रकलेच्या बाईंबद्दल होती, एवढंच इथे सांगता येईल. खरं म्हणजे तेवढंही सांगायला नको होतं.