काकूच्या मनासारखी चौकट

तुम्हाला म्हणून सांगतो, त्या काळात अख्ख्या दिंडोरी रोडवर वेबसाइट बनवणारा मी एकटाच होतो! म्हणजे आणखी दोघं-तिघं होते, पण ते आपले स्वतःला क्लासवाले म्हणवायचे. मी मात्र बोर्डच लावला होता, 'ज्ञानेश वेब सोल्युशन्स'. त्याखाली बारीक अक्षरात झेरॉक्स आणि त्याहून बारीक अक्षरात लॅमिनेशन. दोन हजार सहा-सातचे दिवस. पोट झेरॉक्सवर चालायचं, पण ऐट सगळी वेबसाइटची!

आणि गिऱ्हाईक मिळालं तेही घरातलंच. माझे कारभारी काका. म्हसरूळच्या पुढे त्यांचं 'श्री नवसाई मंगल कार्यालय'. लाइट गेली तर जनरेटर, जनरेटर बसला तर गॅसबत्त्या, पण नवसाईत ठरलेलं लग्न लागणार म्हणजे लागणार! काका लेखी काही देत नसत. "शब्द दिला ना? मग विषय संपला," एवढंच म्हणत, आणि खरोखरच विषय संपत असे.

काकांची एकुलती एक मुलगी हर्षाली या कार्यालयातच वाढली. कुठल्या लग्नात करवली कमी पडली की हिला परकर-पोलकं घालून उभी करायचे. वधूच्या खोलीतून स्टेजकडे उतरणारा एक जिना होता. लहानपणापासून ती सांगायची, "दादा, सगळ्या नवऱ्या इथून उतरताना मी बघितल्यात. एक दिवस मी उतरणार आणि खालून सगळे माझ्याकडे बघणार!" त्या वर्षी तो दिवस ठरला. दिंडोरीचे दीपकराव, मे महिन्यातला मोठा मुहूर्त, स्थळ अर्थातच नवसाई. हिनं आणखी कुठे जायचं?

लग्नघर म्हटल्यावर काका कामात बुडाले आणि तिकडे फोन थांबेना. "अमुक तारीख हाय का? तमुक तारीख हाय का?" काका वैतागले. तिथे माझी कॉलर ताठ झाली.

"काका, फोन बंद करून टाकू! वेबसाइटवर एक सर्च बॉक्स बसवतो. फुकट मिळतो. लोक त्यात तारीख टाकतील, मोकळी असेल तर लगेच दिसेल. शिवाय कस्टमायझेबल आहे!"

"म्हंजी काय?"

"म्हणजे आपल्या मनासारखा करून घेता येतो."

इथेच माझं चुकलं. कोणाच्या मनासारखा, हे मी आधी ठरवायला हवं होतं. कारण तेवढ्यात सगुणाकाकू हात पुसत बाहेर आली.

काकूचं सगळं आयुष्य लग्नघरात गेलेलं. अशुभ शब्द तिच्या कानाला सोसायचा नाही. तिच्या राज्यात दिवा विझत नसे, शांत होई. बांगडी फुटत नसे, वाढत असे. आचारी 'जातो' म्हणाला तर त्याला फाटकातून परत बोलावून 'येतो' म्हणवून घेणार आणि मगच सोडणार. ती चष्मा लावून मी तिथे आणून मांडलेल्या मॉनिटरसमोर बसली आणि किंचाळलीच!

"अगं बाई! ही काळी चौकट कशाला? पेपरात निधनवार्तेला असती तशी!"

मी चौकट कुंकवाच्या रंगाची केली.

"हे 'शोधा' काय लिहिलंस? कुणी हरवलंय का?"

मी 'शोधा' काढून 'पाहा' लिहिलं. मग तिला चौकटीच्या कोपऱ्यात गणपती हवा झाला. बसवला. तोरण हवं झालं. बांधलं. शेवटी मी मोठ्या तोऱ्यात एक तारीख टाकून दाखवली. आता त्याचं काम असं होतं की मोकळ्या तारखांची पानं मी साइटवर ठेवली होती. टाकलेली तारीख त्यात असेल तर माहिती दिसायची. नसेल, म्हणजे तारीख आधीच दुसऱ्या कुणाला गेलेली असेल, तर खाली अक्षरं यायची : 'क्षमस्व! काहीही आढळले नाही.'

काकूनं कपाळाला हात लावला.

"माणूस पोरीच्या लग्नाची तारीख घेऊन दारात आलाय आणि त्याला 'काही नाही' म्हणायचं? पहिला शब्द 'नाही'? ज्ञान्या, आपल्या दारातून आजवर कुणी 'नाही' ऐकून गेलेलं नाय!"

"अगं काकू, पण तारीख नसेल तर..."

"नसंल तर गोड बोलावं. काहीतरी मंगल लिही."

तिनं सांगितलं आणि मी लिहिलं : 'शुभमंगल! आपले सहर्ष स्वागत आहे. सहकुटुंब सहपरिवार अवश्य यावे!' वर हौसेनं त्याला सनई जोडली. तारीख नसली की सनई वाजणार! तारीख असली तर बिचारी साधी अक्षरं, 'ही तारीख शिल्लक आहे', आणि खाली फोन नंबर. सनई नाही, स्वागत नाही, काही नाही.

उद्घाटनाला काकांनी मॉनिटरपुढे नारळ फोडला. कीबोर्डवर पाणी उडालं, ते मी शर्टानं टिपलं. "पहिली तारीख माझी!" म्हणत हर्षाली पुढे सरसावली आणि तिनं आपल्या लग्नाची तारीख टाकली. ती तारीख घरच्याच लग्नासाठी ठेवलेली, म्हणजे गेलेली. सनई वाजू लागली! शुभमंगल! सहर्ष स्वागत! हर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं, काकूनं पदर लावला, काकांनी मला पेढा भरवला. आणि मीही, स्वतःला वेब सोल्युशन्स म्हणवणारा मी, गहिवरून पेढा खात उभा राहिलो! हीच तारीख उद्या दुसऱ्या कुणी टाकली तरी हीच सनई वाजेल, एवढं एक वाक्य माझ्या डोक्यात आलं असतं तर! पण तोंडात पेढा होता आणि डोक्यात मी.

पुढचे काही आठवडे काका माझं कौतुक करताना थकत नव्हते. कुणाचा फोन आला की म्हणायचे, "वेबसाइटवर बघितलं का? काय आलं?"

"स्वागत आलं, कारभारी! सनईपण वाजली!"

"मंग झालं तर! यायचं! शब्द हाय माझा!"

तारीख विचारायची गरजच काय? आपल्या पुतण्याचं मशीन खोटं बोलत नाही, हे त्यांनी पंचक्रोशीत सांगून ठेवलं होतं. ते मी सांगितलं होतं म्हणून.

मग एक दिवस पिंपळगाव बसवंतहून गोटीराम नावाचे कांद्याचे व्यापारी आले. फेटा, खिशात पेन, हातात पत्रिकांची पिशवी. काकांच्या हातावर अक्षता ठेवून म्हणाले, "कारभारी, पहिल्या पत्रिकेचा मान तुमचा. धाकट्या पोरीचं लग्न. सहकुटुंब यायचं बरं!"

काकांनी पत्रिका कपाळाला लावली आणि उघडली. वाचता वाचता हसले. "अरे वा! आमच्या हर्षालीच्याच तारखेला! मंग कसं जमायचं हो? आणि लग्न कुठं हाय म्हणता?"

"म्हंजी?" गोटीराम म्हणाले. "तुमच्याकडंच की!"

काकांनी पत्रिका पुन्हा वाचली. स्थळ : श्री नवसाई मंगल कार्यालय. त्यांनी ती उलटी करून पाहिली, जणू मागे दुसरं स्थळ छापलेलं असणार. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी झेरॉक्सचं काम आठवून उठत होतो.

"बस," काका म्हणाले. मी बसलो.

तेवढ्यात फोन वाजला. सटाण्याहून. पलीकडचा अहिराणी आवाज इतका मोठा होता की सगळ्यांना ऐकू आलं. "कारभारी आबा! आमनी पोरनं लगीन शे ना तुमनाकडे, गोरज मुहूर्तावर. वऱ्हाडनी गाडी कथी लावानी?" आणि तारीख? तीच! गोरज म्हणजे संध्याकाळचा मुहूर्त, एवढाच काय तो दिलासा.

मी पळत जाऊन नवसाईची साइट उघडली. तारीख टाकली. सनई वाजली. सगळे माझ्या पाठीमागे उभे राहून ऐकत होते. ती सनई बंद कशी करायची ते मला भीतीनं आठवेना, म्हणून शेवटी मी प्लगच उपटला.

मोठा मुहूर्त! नाशकात त्या दिवशी एकही हॉल, एकही लॉन मोकळं नव्हतं. मी सायकलची मोटारसायकल करून गावभर फिरलो, म्हणजे सायकल मोटारसायकलच्या वेगानं हाणली! सगळीकडे उत्तर एकच, आणि तिथे काकू नसल्यामुळे सरळ 'नाही'!

संध्याकाळी काका ओट्यावर बसले होते. मी म्हणालो, "काका, त्या दोघांना सांगू, चूक झाली. माझं नाव सांगा."

"त्यांनी माझा शब्द घेतलाय, तुझा नाय." काका शांतपणे म्हणाले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. "दोघंबी पोरींचे बाप हायेत. पंगतीत घरचा माणूस शेवटी बसतो. सकाळी गोटीराम, संध्याकाळी सटाणेकर. आपलं आपण बघू कुठंतरी."

आत हर्षाली उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्यावर चिडेल, काहीतरी फेकून मारेल, म्हणून मी तयारच होतो. तिनं फक्त विचारलं, "म्हणजे त्या जिन्यावरून त्यांची मुलगी उतरणार?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता आत निघून गेली. त्यानंतर लग्नापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. त्या प्रश्नाचं मला अजूनही वाईट वाटतं. विनोदी गोष्ट सांगायला बसलोय खरा, पण इथे आलो की माझा आवाज जरा बसतोच.

शेवटी काकांच्या एका मित्रानं आपलं द्राक्षांचं पॅकहाऊस दिलं. हंगाम संपल्यामुळे शेड रिकामी होती. प्लॅस्टिकचे क्रेट उलटे घालून त्यावर सतरंजी टाकली, झालं बोहलं! दारावर पाटी होती, 'टोपी घातल्याशिवाय आत प्रवेश नाही'. वऱ्हाडी फेटे बांधूनच आले होते, म्हणून निभावलं. एका भिंतीवर भल्यामोठ्या अक्षरात 'रिजेक्ट माल' लिहिलेलं, आणि भटजींनी नवरदेवाचा पाट नेमका त्याखाली मांडला! काकूनं ते पाहिलं मात्र, खांद्यावरची मानाची शाल काढून खिळ्यावर ताणून बांधली आणि ऐन मेमध्ये तिच्यापुढे पहारा देत उभी राहिली.

तरी निम्मी माणसं चुकलीच! हर्षालीच्या पत्रिकेवरही स्थळ नवसाईच होतं ना! मी नवसाईच्या फाटकाजवळ उभा राहून ओरडत होतो, "हर्षालीचं लग्न पॅकहाऊसला! पॅकहाऊसला!" पण बँडपुढे माझं कोण ऐकतंय? काकूच्या माहेरची अख्खी जीप गोटीरामांच्या मांडवात शिरली. त्यांनी अक्षता टाकल्या, आहेर केला, जेवण केलं, आणि शेवटी नवरीच्या जवळ जाऊन म्हणाले, "हर्षाली किती वेगळी दिसती गं मेकअपनं!"

मुहूर्ताला मी पॅकहाऊसवर पळालो. इकडे मंगलाष्टका झाल्या, हार पडले. हर्षाली क्रेटच्या आडून चालत आली होती. जिना नव्हता, खालून बघणारं कुणी नव्हतं, सगळे एकाच फरशीवर. मी खांबामागे उभा होतो, कारण समोर जागा असूनही तिथे उभं राहायचा मला धीर होत नव्हता.

मग भटजींनी हाक मारली, "नवरीचा भाऊ कुठंय? कान पिळायला या!"

तिला सख्खा भाऊ नाही, म्हणून हा मान माझा. नवरदेवाचा कान पिळायचा, 'माझ्या बहिणीला नीट सांभाळ' अशी तंबी द्यायची आणि त्याच्याकडून पोशाख घ्यायचा. मी पुढे गेलो. दीपकरावांनी हसून कान पुढे केला. मी हात उचलला आणि तो हवेतच राहिला. जिचं लग्न मी स्वतः क्रेटवर आणून ठेवलं, तिला नीट सांभाळ हे मी दुसऱ्याला कोणत्या तोंडानं सांगू? माणसं कुजबुजू लागली.

"थांब दादा," हर्षाली म्हणाली. इतक्या दिवसांतला तिचा पहिला शब्द! "यांनी अजून काहीच केलेलं नाही."

आणि तिनं मुंडावळ्या मागे सारल्या, मेंदीचा हात लांब केला आणि भर मांडवात माझा कान धरला! असा पिळला, असा पिळला, की मी क्रेटवरून खालीच आलो! मांडव हसून लोटपोट झाला. काका त्या दिवसांत पहिल्यांदा हसले. तीही हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि कान काही सोडत नव्हती. मीही सोड म्हणालो नाही.

पोशाखाचं ताट समोर आलं तेव्हा भटजी क्षणभर अडले. मग म्हणाले, "ज्यानं कान पिळला, त्याचा मान."

तेव्हा माझ्यासाठी आणलेला शर्टपीस आणि पँटपीस हर्षाली सासरी घेऊन गेली! मी मागितला नाही. दीपकरावांच्या अंगावर तो शर्ट छान दिसतो.