शंभरपैकी तेवीस

देशाने पाण्याच्या बाबतीत किती प्रगती केली, हे त्या वर्षी रविवारी दुपारी, मटार सोलता सोलता ठरलं. तसं कुणाच्या मनात नव्हतं.

जलखात्यात जिला सगळे 'आकडेवाली' म्हणत, ती एक तक्ता घरी घेऊन आली होती. नद्या, शेती, कारखाने, शहरं या सगळ्यांचं पाणी देश एकत्र विचार करून सांभाळतो का, यावर तेहतीस प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते शंभर गुण द्यायचे, शेजारी कारण लिहायचं आणि सोमवारी बाराच्या आत परदेशातल्या जागतिक संस्थेच्या मुख्य कचेरीला पाठवायचं. मागच्या वेळी, तीन वर्षांपूर्वी, सरासरी चोपन्न पडले होते. "साठाच्या खाली उतरू नका," साहेबांनी बजावलं होतं, "गुरुवारी परिषदेत माझं भाषण आहे."

तिने ओढूनताणून एकसष्ट बसवले. कारणांचा रकाना मात्र कोराच राहिला. अकरा वर्षांत तिचा एकही आकडा चुकला नव्हता. हा एकसष्ट तिला स्वतःलाच पटत नव्हता.

"कसला एवढा विचार चाललाय?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, हे ऐका. वरच्या बाजूचे आणि खालच्या बाजूचे पाणी वापरणारे एकमेकांशी सल्लामसलत करतात का?"

"शून्य."

"अहो, देशाबद्दल विचारलंय."

"देश काय आभाळातून पडलाय? वरच्या मजल्यावरचीनं पंप लावला की आपला नळ नुसता फुसफुसतो. कधी विचारलं तिनं? चार वर्षं बोलणं नाही आमचं. शून्य लिही."

सूनबाईला मजा वाटली. तिने तक्त्याची नक्कल काढली आणि सासूबाई सांगतील तसं भरत गेली.

"गळती मोजली जाते का?"

"जिन्याखालचा पाइप दोन वर्षं गळतोय. गळती दिसते सगळ्यांना, मोजत कुणी नाही. दहा."

"नियम आहेत का?"

"आहेत की, जिन्यात चिकटवलेत. ओल येऊन अक्षरं गेलीत. वीस."

"टंचाईची आगाऊ सूचना मिळते?"

"मिळते. खालच्या मजल्यावरचे आजोबा ओरडायला लागतात. सत्तर."

तेहतीसही प्रश्नांना कारणं मिळाली. सरासरी निघाली तेवीस. दोघी पोटभर हसल्या. मटाराच्या ओल्या बोटांनी तिने तो तक्ता 'अंतिम-२' म्हणून संगणकावर ठेवून दिला. खात्याचा होता 'अंतिम'.

आता, खात्यात एक नियम होता, आणि तो तिनेच घालून दिला होता: एकाहून जास्त 'अंतिम' असतील तर ज्याच्या नावापुढचा आकडा सर्वांत मोठा, तो पाठवायचा. सोमवारी बाराला पाच मिनिटं कमी असताना तिने स्वतःचा नियम पाळला.

चूक कळली दोन वाजता. मुख्य कचेरीला फोन केला, तर पलीकडून गोड आवाजात उत्तर आलं, "मुदत संपली. दुरुस्ती हवी तर खातेप्रमुखांच्या सहीचं पत्र, कारणासहित." कारण काय लिहायचं? देशाचे गुण आमच्या सासूबाईंनी दिले? दोन दिवस तिने मसुदे लिहिले आणि फाडले. अखेर बुधवारी, नोकरी गेली तर गेली म्हणत, पत्र घेऊन ती साहेबांसमोर उभी राहिली.

साहेबांच्या हातात आधीच एक कागद होता.

"बाई, बसा. मुख्य कचेरीचं उत्तर आलंय. म्हणतात, कारणांचा रकाना पूर्ण भरणारा आपला पहिलाच देश." ते चष्म्यावरून बघत राहिले. "हे 'खालच्या मजल्यावरचे आजोबा' काय आहे?"

"पूर्वसूचना, साहेब."

"आणि त्याला सत्तर?"

"ते आजवर चुकलेले नाहीत." तिने पत्र पुढे केलं. "साहेब, चूक माझी आहे. तो देशाचा तक्ता नव्हता. आमच्या जिन्याचा होता."

साहेबांनी पत्र न वाचताच बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मी सकाळपासून एकेक कारण आपल्या खात्याशी ताडून बघतोय. म्हटलं, एक तरी खोटं निघेल. नाही निघालं." त्यांनी कागद उलटा ठेवला. "मला एक सांगा. तीन वर्षांनी आपण आपले नेहमीचेच चोपन्न लिहिले, तर प्रगती किती दिसेल?"

"दुपटीहून जास्त."

साहेबांनी तिच्या पत्राची नीट घडी घातली आणि ती डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल स्थिर झालं.

"भाषणाचं मी बघतो," ते म्हणाले.

नोकरी वाचली, पण घरी येताना तिला हसावं की रडावं कळेना. एकसष्ट खोटा होता, तेवीस चुकून गेलेला, आणि खरा तोच. घरी पोचली तर सासूबाई जागेवर नाहीत. पाच मिनिटांनी जिन्यावरून हळूहळू उतरत आल्या, एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात दुसऱ्याच कुणाचं तरी भांडं.

"वर गेले होते," त्या म्हणाल्या. "तो शून्य रविवारपासून टोचत होता मला. तिला म्हटलं, बाई, तुझ्यापायी देशाचे गुण गेले. तर ती म्हणते, तिला चार वर्षं वाटतंय की पाणी आम्हीच पळवतो. आता ठरलं, सात ते आठ आपण भरायचं, आठनंतर तिनं पंप लावायचा."

"मग शंभर लिहू, आई?"

"शंभर? एकदाच तर बोललो." सासूबाईंनी भांडं ओट्यावर ठेवलं. "दहा लिही. आणि पेन्सिलीनं लिही, उद्या ती पाळते का बघू."