लोखंडाने दिलं, तांब्याने घेतलं

भोये सरांच्या हातात साधा चहा दिला तरी ते आधी निकाल सांगतात. "तुम्ही दिला, तुमचं ऑक्सिडीकरण झालं. मी घेतला, माझं क्षपण." मग कप तोंडाला लावतात. तोवर चहावर साय धरलेली असते. जव्हारच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवतात, मी मराठी. राहतोही एकाच चाळीत, भिंतीला भिंत लागून, त्यामुळे शाळा सुटली तरी माझी सुटका नसते.

मागे बाजारात माझी छत्री कोणीतरी लांबवली. मी हळहळत होतो, तर सर म्हणाले, "एकट्याचं ऑक्सिडीकरण कधीच होत नाही, हे ध्यानात घ्या. तुमची छत्री गेली म्हणजे कोणीतरी कोरडा घरी पोचला." असलं सांत्वन ऐकून मी आणखीच चिडलो.

मुलांनी "ऑक्सिजन मिळाला की ऑक्सिडीकरण" एवढंच घोकलं की सरांचं डोकं फिरतं. "अरे, ऑक्सिजन नसला तरी होतं! इलेक्ट्रॉन कोणी सोडला ते बघा!" मग मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या क्षाराच्या, पाण्यात लोखंडी खिळा टाकून दाखवतात. निळं पाणी फिकट होत जातं, खिळ्यावर तांबूस थर चढतो. हे सगळं व्हरांड्यात, कारण शाळेला प्रयोगशाळाच नाही. जी आहे ती एका कपाटात, आणि कपाटाची किल्ली सरांच्या गळ्यात.

कोपऱ्यातली एक खोली मात्र रिकामी होती. ती प्रयोगशाळेला मिळावी म्हणून सर सहा वर्षं अर्ज करत होते. मुख्याध्यापकांना तिथे मोडके बाक ठेवायचे होते. शेवटी यंदा शिक्षणखात्याचे साहेब आले आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात तुमचा तास बघतो, मग ठरवतो."

सरांनी नाटुकलं बसवलं. एक मुलगी लोखंड झाली, दाभोशाची सुनीता तांबं. लोखंडाने दोन चिंचोके, म्हणजे इलेक्ट्रॉन, तांब्याला द्यायचे. तालमीत हातावर हात ठेवून झालं होतं. साहेबांसमोर जरा शोभा यावी म्हणून सरांनी त्या दिवशी घरून स्टीलची वाटी आणली, आणि तिथेच फसले.

लोखंडाने वाटी पुढे केली. सुनीताने चिंचोके काढून घेतले. वाटी परत देताना ती थबकली. मग तिने खिशातून एक आवळा काढला, वाटीत ठेवला आणि वाटी लोखंडाच्या हातात दिली.

साहेब पुढे झुकले. "तांब्याकडून लोखंडाला हे काय गेलं?"

सरांना घाम फुटला. "सुनीता, तांबं नुसतं घेतं गं."

"पण सर, रिकामी वाटी कशी देऊ? आई वरडंल ना."

वर्ग खो खो हसला, साहेबही हसले. मला वाटलं, आता पोरीची काही धडगत नाही. पण सर त्या वाटीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बस तू, बाळ." पुढे त्यांना काही सुधरलंच नाही. समीकरण फळ्यावर अर्धं लिहून ते विसरले. कधी नव्हे ते! खोली बाकांना गेली.

संध्याकाळी मी त्यांना धीर द्यायला गेलो. सर जमिनीवर मांडी घालून बसले होते. समोर घासलेले पाच-सहा डबे आणि शेंगदाण्याच्या लाडवांचं पुडकं. वहिनी चार वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून चाळीतल्या बायका सरांना भाजी पाठवतात. त्यांतला एक डबा आमचा होता.

"खोलीचं फार वाईट झालं, सर."

त्यांनी मान वर केली नाही. "हे सगळं ती बघायची हो. ती गेल्यापासून मी सगळ्यांचे डबे रिकामेच धाडतोय. चार वर्षं! तुमच्या घरात कोणी काही बोललं?"

"छे हो, कधीच नाही."

"पोरीला कळलं, मला नाही कळलं." त्यांनी आमचा डबा जवळ ओढला, एक लाडू ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. इतकी वर्षं शेजारी राहून हा माणूस किती एकटा आहे, ते मी पाहिलंच नव्हतं.

"एका डब्यात किती घालायचे असतात?" त्यांनी विचारलं.

मलाही ते माहीत नव्हतं. मी भिंतीवर थाप मारून बायकोला हाक मारली.