सर्वात पुढे आणा

माणसाची समाजातली जागा त्याच्या कर्तृत्वाने ठरते, असे पूर्वी मानत. आता ती चित्रं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरते. एकावर एक आलेल्या चेहऱ्यांसाठी तिथे दोन आज्ञा असतात: ‘सर्वात पुढे आणा’ आणि ‘सर्वात मागे पाठवा’. (दुसरी कोणी स्वतःसाठी मागितल्याची नोंद नाही.)

छपाईच्या दुकानात बॅनर करणारी भाची त्या दिवशी हरखून गेली होती. तिची सख्खी मावशी निवृत्त होत होती आणि निरोप समारंभाचा बॅनर तिच्याच हातून व्हायचा होता. मावशीनं एवढंच मागितलं होतं, "माझा चेहरा तेवढा नीट दिसू दे गं. नंतर तो बॅनर मी घरी नेणार आहे." भाचीनं मावशीला मधोमध, सगळ्यांच्या पुढे ठेवलं आणि नमुना कार्यालयात पाठवला.

मग कार्यालयाला जाग आली. आधी उपसाहेब आले. अत्यंत निरपेक्ष गृहस्थ. त्यांना काही नको होतं, फक्त साहेबांच्या किंचित पुढे यायचं होतं. ते जातात न जातात तोच साहेबांचा फोन: "माझ्या कानावर कुणाचा तरी खांदा आलाय!" या आज्ञेचा मोठा गुण असा, की ती सगळ्यात शेवटी मागणाऱ्याचंच ऐकते. त्यामुळे लेखापाल, स्वागत समिती आणि स्वागत समितीवर देखरेख करणारी समिती, असे सगळेच ओळीनं सर्वात पुढे आले. सत्तर टक्के लोक दोनदा येऊन गेले. (उरलेल्यांनी मेहुण्याला पाठवलं.) मावशीच्या वतीनं कोणीच आलं नाही.

भाचीनं हिय्या करून फोनवर विचारलं, "पण साहेब, निरोप मावशीचा आहे ना?"

"अहो, मग निरोप देणारे दिसायला नकोत? जाणारा माणूस जातोच आहे."

दुकानाच्या मालकानं डोळे वटारले. हे गिऱ्हाईक गेलं तर भाचीची नोकरीही जाणार होती. तिनं साहेबांना पुढे आणलं.

समारंभात जो तो बॅनरवर स्वतःला पाहून कृतकृत्य झाला. मावशी बराच वेळ शोधत राहिली. शेवटी साहेबांचं कोपर आणि फुलांची कुंडी यांच्या फटीत तिला स्वतःच्या चष्म्याची काडी सापडली.

"काडी मात्र छान आलीय हो," ती म्हणाली. भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुज्ञ वाचकांना साहेबांचा राग आला असेल, आणि तो रास्तच आहे. फक्त मावशी त्या कार्यालयात इतकी वर्षं नेमकं काय काम करत होती, हे वर कुठेच आलेलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत.