डब्याची राखण

सणाच्या सुट्ट्या लागायच्या नेमक्या आदल्या सकाळी फ्रीजने मान टाकली. रात्री झोपताना तो नेहमीसारखा घरघरत होता. सकाळी लेकीने दुधासाठी दार उघडलं, तर आत दिवा नाही, गारवा नाही आणि खाली लादीवर छोटंसं तळं साचलेलं.

"अहो, फ्रीज गेला," तिने आतल्या खोलीकडे हाक टाकली.

हाक नवऱ्याला होती. पण आंघोळीला निघालेले तिचे वडीलच पंचा खांद्यावर टाकून अर्ध्या वाटेतून माघारी फिरले.

"गेला म्हणजे?"

"बंद पडलाय, बाबा."

"आणि मागचा डबा?"

 लेकीने फडकं घेतलं आणि लादी पुसायला बसली.

तिच्या वडिलांना सगळी वसाहत मास्तर म्हणायची. त्यांची हयात पोस्टाच्या पार्सल खात्यात गेली होती. मागल्या वर्षी ते आणि त्यांची बायको लेकीचा संसार बघायला या परमुलखात आले होते. इथे बारा महिने उन्हाळा, आणि पाऊस आला तरी तो उन्हाळ्यावरच पडायचा. मिठाचं पाणी व्हायचं, काडेपेटी पेटायची नाही, चपला चार दिवस कोपऱ्यात राहिल्या की त्यांना हिरवी लव फुटायची. परत निघायच्या दिवशी, टॅक्सी दारात उभी असताना, बाई उंबऱ्यातून मागे वळल्या आणि लेकीला म्हणाल्या, "फ्रीजरमध्ये मागे डबा ठेवलाय गं. टाकून नको देऊस." आदल्या दिवशीच त्यांनी मोठं पातेलंभर रस्सा केला होता, तेव्हा डब्यात काय असणार हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. घरी पोचल्यावर तापाचं निमित्त झालं आणि बाई गेल्या. लेक जाऊन वडिलांना कायमचं इकडे घेऊन आली.

तेव्हापासून तो डबा, म्हणजे आइस्क्रीमचा जुना पांढरा डबा, फ्रीजरच्या मागच्या भिंतीला टेकून होता. लेकीने एकदा भीतभीत म्हणून पाहिलं होतं, "एखाद्या रविवारी काढूया का तो?"

"आत्ता कशाला? पाहुणेबिहुणे आले तर होईल."

पाहुणे आले, राहिले, गेले. डबा हलला नाही. मास्तर त्याचं झाकणही उघडायचे नाहीत. दुसऱ्याने बांधलेलं आपण सोडायचं नसतं, ही खात्यातली शिस्त. रोज सकाळी फक्त फ्रीजर उघडायचे, डब्यावर हात ठेवायचे, "ठीक आहे" म्हणायचे आणि चहाला बसायचे.

लेकीने फ्रीजवाल्या मिस्त्रीला फोन लावला. मागून बोटीचा भोंगा ऐकू आला.

"ताई, मी गावी निघालो. दुकानाला आता आठवडाभर कुलूप."

"तोवर काय करू?"

"दार उघडू नका. बंद ठेवलात तर संध्याकाळपर्यंत तग धरेल."

तिने फोन ठेवला तेव्हा मास्तर फ्रीजर उघडून उभे होते.

"बाबा, दार."

"बघतोय फक्त."

"बघून गार होत नाही ते."

जावई बूट घालता घालता म्हणाला, "दुपारी अर्धी सुट्टी आहे. आलो की मी करतो." जावई वीज कंपनीत इंजिनियर होता. अख्ख्या शहराला वीज पुरवायचा. घरातला बल्ब बदलायला मात्र त्याला तीनदा सांगावं लागायचं. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि कपाटातून जाड टॉवेल काढला.

सणासाठी इमारत जवळजवळ रिकामी झाली होती. उरले होते ते आपल्याकडचे, ज्यांना घरी जायचं तर समुद्र ओलांडावा लागला असता. तळमजल्यावर वहिनी होत्या. त्यांचे यजमान कारखान्यात बॉयलर सांभाळायचे आणि सणाच्या दिवसांतही बॉयलरपाशीच असायचे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं जेवण त्यांच्याच अंगणात ठरलं होतं.

"सहज आलो होतो," मास्तर दारात म्हणाले.

"या की. आणि ते टॉवेलात बाळ कुणाचं?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मास्तरांनी सांगून टाकलं. वहिनींनी फ्रीजर उघडून दाखवला. आत परातीएवढा आइस्क्रीमचा केक बसला होता.

"उद्यासाठी केलाय. हा वर नर्सबाईंकडे मावला, तर तुमचा डबा इथे निवांत राहील."

केक घेऊन मास्तर दुसऱ्या मजल्यावर गेले. नर्सबाई रात्रपाळी करून नुकत्याच झोपल्या होत्या. त्यांनी एक डोळा उघडून सगळं ऐकलं आणि फ्रीजरचं दार ओढलं. आत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक अगडबंब मासा झोपला होता.

"शेजारच्या हिशेबनिसाने पकडलाय. मासा त्याचा, जागा माझी, वास आमच्या दोघांचा. याला त्याच्या घरी पोचवा, आणि केक ठेवा. मग मला उठवू नका."

हिशेबनीस एकटा राहायचा. मासा दारात बघून त्याचा चेहरा उतरला.

"माझ्याकडे जागा नाही हो, मास्तर."

"एकट्या माणसाच्या फ्रीजमध्ये असं असतं काय?"

हिशेबनिसाने लाजत दार उघडलं. वरच्या कप्प्यात काळे चामडी बूट. त्याखाली पट्टा, कॅमेरा आणि घडी घातलेला लोकरीचा कोट. दूध दारातल्या खणात कसंबसं उभं होतं.

"बाहेर बुरशी धरते. लग्नात घालायचेत ते."

"अरे वा. कधी आहे लग्न?"

"ठरलं नाहीये अजून. पण बूट तयार असलेले बरे."

शेवटी असं ठरलं की बूट, पट्टा, कॅमेरा आणि कोट मास्तरांच्या फ्रीजमध्ये जावेत.

"पण तो बंद आहे रे."

"दार तर लागतं ना? मुंग्या तरी येणार नाहीत."

जेवायच्या वेळेपर्यंत सगळा माल ज्याच्या त्याच्या ठिकाणी पोचला. मास्तर घामाने निथळत होते, पण कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी पोळी मागून घेतली. "एक नग गहाळ नाही," लेकीला त्यांनी सांगितलं. "एकाची पोच दुसऱ्याला नाही."

दुपारी जावई आला, बाह्या सरसावून फ्रीजपाशी बसला आणि त्याने दार उघडलं.

"यात बूट आहेत."

"हिशेबनिसाचे," लेक म्हणाली. "विचारू नका."

 त्याने फ्रीज भिंतीपासून ओढला, मागचा पत्रा काढला, आत बराच वेळ गंभीर चेहऱ्याने पाहिलं, दोन वायरी इकडच्या तिकडे केल्या आणि म्हणाला, "क्षुल्लक गोष्ट होती." मग त्याने बटण दाबलं.

फट् असा आवाज झाला. डोक्यावरचा पंखा सावकाश फिरत थांबला. खालून वहिनींच्या रेडिओवरचं गाणं मध्येच तुटलं आणि वरून नर्सबाई जाग्या झाल्याचं ऐकू आलं. अख्ख्या शहराला वीज पुरवणाऱ्या जावयाने एका दमात तिन्ही मजल्यांची घालवली होती.

"असू दे," तो चाचरत म्हणाला, "आपल्याच कंपनीत फोन लावा. तातडीच्या दुरुस्तीचा नंबर आहे."

लेकीने नंबर लावला. जावयाच्या खिशातला फोन वाजू लागला.

"आज पाळी कुणाची आहे?" तिने विचारलं.

जावयाने फोन काढून पाहिला. "माझीच."

लागणारा सुटा भाग कंपनीच्या भांडारात होता, भांडाराची किल्ली भांडारपालाकडे होती, आणि भांडारपाल गावाबाहेर पडायच्या तयारीत होता. जावई त्याला गाठायला सायकलवरून सुटला.

पंखे थांबल्यावर त्या हवेत घर म्हणजे झाकण लावलेलं पातेलंच. तासाभरात नर्सबाई केक घेऊन खाली आल्या. केक बसलेल्या म्हशीसारखा एका अंगावर कलला होता. पाठोपाठ हिशेबनीस मासा घेऊन आला. वहिनींनी दोघांकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"उद्याचा सण आजच उरकून टाकूया. गॅस तर चालू आहे ना? आणा ज्याच्याकडे जे असेल ते."

मग जी धांदल उडाली तिला तोड नव्हती. अंगणात सतरंज्या आल्या. हिशेबनीस शेगडीशी बसून मासा तळू लागला. घामात भिजलेला, पण पायांत ते काळे बूट; दमट हवेत उघडे ठेवण्यापेक्षा घातलेले बरे, असं त्याचं म्हणणं. केक आता कापण्याच्या पलीकडे गेला होता, म्हणून नर्सबाई तो पळीने वाट्यांत ओतत होत्या. लेक भाताचं पातेलं घेऊन खाली निघाली.

"वहिनी फ्रीजर रिकामा करतायत, बाबा. तुम्ही पण सदरा बदलून या."

सदऱ्याचं एक बटण लावून झालं होतं. दुसऱ्यापाशी मास्तरांचा हात थांबला. रिकामा.

ते जिना कसे उतरले हे त्यांनाही सांगता आलं नसतं. वहिनींच्या ओट्यावर डबा होता. खाली पाणी ओघळत होतं, आणि झाकणाच्या कडेत चमच्याचं टोक होतं.

"थांबा," मास्तर म्हणाले.

वहिनींनी चमचा बाजूला ठेवला. "मास्तर, पार पातळ झालंय हो. खळखळतंय आत. हे पुन्हा गोठवायचं नसतं. आत्ता गरम केलं तर ठीक, नाहीतर..."  वसाहत लहान होती; डबा कुणाचा ते सगळ्यांना माहीत होतं.  अंगणात हिशेबनिसाने शेगडी बारीक केली.

मास्तरांनी रोजच्यासारखा डब्यावर हात ठेवला. वर्षभरात पहिल्यांदाच तो गार लागला नाही. लेक मागे येऊन उभी होती. ती काही सुचवणार नाही हे त्यांना कळत होतं.

"भात झालाय?" त्यांनी विचारलं.

"झालाय, बाबा."

"मग करा गरम."

त्यांनी हातपाय धुतले, सदऱ्याची उरलेली बटणं लावली आणि सतरंजीवर ताठ बसले. लेक शेजारी बसली. वहिनींनी शेगडीवर पातेलं चढवलं आणि डबा मास्तरांपुढे आणून ठेवला. "तुम्हीच उघडा."

"ज्याच्या नावाचं असेल त्यानेच उघडायचं असतं," मास्तर म्हणाले. "माझ्याच नावाचं आहे असं धरून चालतो."

झाकण निघालं. सगळ्यात आधी वास आला, आणि तो रश्श्याचा नव्हता. नर्सबाई वाकल्या.

"लिंबं?"

"सालं," वहिनी म्हणाल्या. "पिळून झालेल्या लिंबांची. मिठाच्या पाण्यात घालून ठेवलेली."

मास्तर डब्यात बघत राहिले. अर्ध्या अर्ध्या वाट्या, एकीत एक नीट बसवलेल्या, काठोकाठ.

"भांडी घासायला," लेक हळू म्हणाली. "आई फेकायची नाही कधी. इथे चार दिवसांत भांड्यांना डाग पडतात, म्हणून मला साठवून दिली असणार."

"आणि रस्सा?"

लेक आठवत राहिली. मग तिचे ओठ आवळले गेले, आणि ती रडते की हसते हे क्षणभर कुणालाच कळेना.

"रस्सा आपण संपवला, बाबा. निघायच्या सकाळी. तुम्ही दोनदा घेतलात. पातेलं निपटून खाल्लंत."

"मी?"

"आई म्हणाली पण, प्रवासात पोटाला त्रास होईल, बेतानं खा."

मास्तरांनी थोडा विचार केला. "झाला होता," ते म्हणाले. "विमानात." आणि मग त्यांना हसू फुटलं. आधी नुसते खांदे हलले, मग चष्मा काढून पुसावा लागला, मग ते पुन्हा हसले. "वर्षभर," ते वहिनींना म्हणाले, "वर्षभर मी सालांवर पहारा दिला. पाहुण्यांना वाढणार होतो."

"बरं झालं, आम्ही कुणी आलो नाही," नर्सबाई म्हणाल्या, आणि मग सगळेच हसत जेवायला बसले. मासा थोडा करपला होता, केक प्यावा लागला, आणि भात कमी पडला म्हणून पुन्हा लावला.

ऊन उतरलं तेव्हा नळापाशी भांड्यांचा ढीग साचला होता. वहिनी पुढे झाल्या, तर पाटावर आधीच मास्तर बसलेले. बाह्या दुमडलेल्या, शेजारी डबा.

"अहो मास्तर, हे काय? उठा बघू."

"राहू द्या. माल उघडलाय, आता पडून ठेवण्यात काय अर्थ?"

"बाबा, तुम्ही आयुष्यात कधी कपसुद्धा विसळला नाहीत," लेक म्हणाली.

"तेच ती चाळीस वर्षं म्हणत होती." त्यांनी तव्यावर साल फिरवून पाहिलं. काळा थर सुटून खालचं लोखंड दिसू लागलं, तशी त्यांची मान आपोआप डोलली. "गुण आहे हो सालात. तू धू, मी घासतो."

लेक शेजारी बसली. एकेक साल झिजत गेलं, एकेक भांडं उजळत गेलं. अंधारून येता येता अंगणातला दिवा लागला. भांडारपाल सापडला असणार. सगळी घरं पुन्हा घरघरू लागली. मास्तरांनी शेवटची कढई दिव्याकडे धरून निरखली. बुडाशी एक डाग राहिला होता.

त्यांनी डब्यात हात घातला. आत एकच साल उरलं होतं. ते बोटांत धरून त्यांनी पाहिलं, परत डब्यात ठेवलं, झाकण घट्ट दाबलं आणि डब्याला टॉवेल गुंडाळला.

"वहिनी," त्यांनी हाक मारली, "तुमच्या फ्रीजरमध्ये जागा झाली असेल ना आता?"

आणि कढईतला डाग ते नखाने खरवडायला बसले.